सिलिकोनची अंबू बॅग: आपत्कालीन विभागासाठी घ्यावी का, आणि कशी पारखावी

प्रौढांसाठीचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा सिलिकोनचा अंबू बॅग (श्वास बंद पडलेल्या रुग्णाला हाताने दाबून हवा द्यायची, आपोआप फुगणारी पिशवी) संच आपत्कालीन विभागाने घ्यावा का? घ्यावा, पण खोक्यातून निघेल तसा वापरात आणू नये. बॅग ठेवावी, सोबत आलेला मास्क बहुतेक वेळा बदलावा, पीप व्हॉल्व्ह (उच्छ्वासानंतरही फुप्फुसात थोडा दाब राखणारी झडप) सोबत नसेल तर वेगळा मागवावा. आणि धुतलेली बॅग जोडून तपासायची जबाबदारी ज्या विभागात कुणा एकावर ठरलेली नाही, त्यांनी सिलिकोनच्या नादी न लागता एकदाच वापरायच्या बॅगाच घ्याव्यात. असं का, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आधी संच कसा असतो ते पाहू. मधली बॅग साधारण १५०० ते १६०० मिलिलिटरची. तिच्या शेपटाकडे हवा आत घेणारा व्हॉल्व्ह, ऑक्सिजनची नळी लावायचं तोंड आणि मागे लोंबणारी, ऑक्सिजन साठवणारी रिझर्व्हॉयरची पिशवी. रुग्णाकडच्या टोकाला पेशंट व्हॉल्व्ह, ज्यात बदकाच्या चोचीसारखी रबरी पट्टी किंवा पातळ चकती असते. त्याच्या तोंडाचं माप जगभर ठरलेलं आहे: आतून १५ मिलिमीटर, म्हणजे इंट्युबेशनची (श्वासनलिकेत घालायची) ट्यूब बसते, बाहेरून २२ मिलिमीटर, म्हणजे मास्क बसतो. उच्छ्वास बाहेर पडायचं तोंड ३० मिलिमीटरचं असेल तर त्यावर पीप व्हॉल्व्ह थेट चढतो. घेताना हे तोंड आहे की नुसत्या जाळीदार फटी आहेत, हे आधी बघा. फटी असतील तर तो संच तिथेच बाजूला ठेवा.

ही रचना डेन्मार्कमधली. होल्गर हेसे हे अभियंते आणि हेनिंग रुबेन हे भूलतज्ज्ञ यांनी १९५६ मध्ये ती आणली. त्याआधी चारच वर्षांपूर्वी, १९५२ च्या पोलिओच्या साथीत, कोपनहेगनमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने बॅग दाबत रुग्ण जगवले होते. पण त्या बॅगा फुगायला गॅसचा अखंड पुरवठा लागायचा. नवी बॅग सोडली की आपोआप फुगत होती. सिलेंडर नसला तरी श्वास देता येऊ लागला, आणि म्हणूनच ती रस्त्यावर, रुग्णवाहिकेत, वॉर्डात सगळीकडे पोहोचली.

तिचा धोकाही नेमका याच गुणात आहे. भूलतज्ज्ञाची मऊ बॅग मास्क गळू लागला की लुळी पडते, ऑक्सिजन बंद झाला की भरत नाही. हाताला लगेच कळतं. आपोआप फुगणारी बॅग मास्क गळत असला तरी फुगते, ऑक्सिजनची नळी निघून जमिनीवर पडली असली तरी फुगते. दाबणाऱ्या हाताला सगळं व्यवस्थित चाललंय असंच वाटत राहतं. त्यामुळे ही बॅग निवडताना आमचा निकष एकच असतो: हाताला जे कळत नाही ते डोळ्यांना किती दिसतं? पेशंट व्हॉल्व्हचं आवरण पारदर्शक हवं, चोचीची उघडझाप दिसायला हवी. मास्कचा घुमट पारदर्शक हवा, म्हणजे उलटी आली तर दिसते आणि उच्छ्वासाची वाफ दिसते. रिझर्व्हॉयर हा बॅग दाबणाऱ्याच्या नजरेत राहील असा हवा. दाबमापक लावायला छोटं तोंड असेल तर फारच चांगलं. अपारदर्शक, रंगीत व्हॉल्व्ह असलेले संच इतर बाबतींत कितीही टिकाऊ असोत, आम्ही ते घेऊ नका असंच सांगू.

आता हवा किती जाते ते बघू. प्रौढाला एका श्वासाला ५०० ते ६०० मिलिलिटर पुरतात, एका सेकंदात, छाती उचललेली दिसेल इतपत. दीड लिटरची बॅग दोन्ही हातांनी पूर्ण पिळली तर लिटरभराच्या आसपास हवा जाते. म्हणून बॅग एका हाताने, अंगठा आणि बोटं एकमेकांना टेकू न देता, साधारण एक तृतीयांश दाबायची. वेग तर त्याहून जास्त चुकतो. ट्यूब टाकल्यावर हृदय थांबलेल्या रुग्णाला दर सहा सेकंदांनी एक श्वास, म्हणजे मिनिटाला दहा. २००४ मध्ये ऑफडरहाइड आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष रुग्णांवर चाललेलं काम मोजलं, तेव्हा सरासरी वेग मिनिटाला ३० निघाला, आणि हे काम प्रशिक्षित लोक करत होते. पुन्हा शिकवल्यावरही तो २२ पर्यंतच उतरला. त्याच शोधनिबंधात डुकरांवरचा प्रयोग आहे: मिनिटाला १२ श्वास दिलेल्या सातपैकी सहा जगली, ३० दिलेल्या सातपैकी एकच. कारण साधं आहे. बॅग दाबून दिलेला प्रत्येक श्वास छातीतला दाब वाढवतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. छातीवर दाब देऊन जे थोडंफार रक्त फिरवलं जातं तेही कमी होतं.

यावरून बरेच जण लहान बॅग घ्या असं सुचवतात. प्रौढांसाठीच सुमारे लिटरभराच्या बॅगाही मिळतात, आणि सरावाच्या पुतळ्यावर मोजलं तर त्यांनी श्वासाचं माप आटोक्यात राहतं. पण २०२३ मध्ये आलेल्या एका निरीक्षणात्मक अभ्यासात रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांमध्ये लहान बॅग वापरलेल्या गटात हृदय पुन्हा सुरू होण्याचं प्रमाण कमी दिसलं. निरीक्षणावरून कारण सिद्ध होत नाही, तरी मास्क गळत असताना लहान बॅगेत भरपाईला हवा उरत नाही हे उघड आहे. म्हणून आमचं मत मोठ्याच बॅगेच्या बाजूने आहे, हात शिकवून. दर सहा सेकंदांनी लुकलुकणारा छोटा दिवा व्हॉल्व्हजवळ लावायची सोय काही कंपन्या देतात. तो मात्र जरूर घ्यावा. गोंधळात कुणीच मनात सहा मोजत नाही.

मास्कने श्वास देताना चूक नेमकी उलटी होते: हवा जातच नाही. इद्रिस आणि सहकाऱ्यांचा २०२३ चा अभ्यास या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. डिफिब्रिलेटरच्या (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राच्या) पॅडमधून मिळणाऱ्या विद्युत-अवरोधाच्या नोंदींवरून त्यांनी बघितलं की छातीवर ३० दाब आणि मग २ श्वास या पद्धतीत, श्वासासाठी थांबल्यावर फुप्फुसात हवा खरोखर गेली का. १९७६ रुग्णांपैकी ६० टक्क्यांमध्ये निम्म्याहून कमी विरामांत हवा पोहोचली होती. या गटात रुग्णालयातून जिवंत घरी गेलेले ४.१ टक्के, निम्म्या किंवा अधिक विरामांत हवा पोहोचलेल्या गटात १३.५ टक्के. बॅग मात्र दोन्ही गटांत दाबली जात होती.

म्हणून मास्कवर आमचा सगळ्यात जास्त जोर. संचासोबत येणारा मास्क बऱ्याचदा सिलिकोनच्या घट्ट काठाचा, एकाच मापाचा असतो. तो वाफेखालून कितीही वेळा जाऊ शकतो हे खरं, पण गाल खपाटीला गेलेल्या चेहऱ्यावर तो काठ बसत नाही. हवा भरलेल्या मऊ उशीचे मास्क घ्या, ३, ४ आणि ५ ही तिन्ही मापं प्रत्येक ट्रॉलीवर ठेवा. उशीत हवा बोटाने दाबली तर जेमतेम खळगा पडेल इतकी. ती टच्च भरली की मास्क नाकाच्या दोन्ही बाजूंना गळतो, रिकामी राहिली की गालांवर. मास्क नाकाच्या हाडापासून हनुवटीच्या खळीपर्यंत यावा. डोळ्यांवर चढत असेल तर माप मोठं झालं.

पकडीबद्दल. एका हाताची सी-ई पकड, म्हणजे अंगठा आणि तर्जनी मास्कवर आणि बाकीची तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली, ही सगळ्यांना शिकवली जाते आणि तीच सर्वांत जास्त फसते. बोटं हाडाऐवजी हनुवटीखालच्या मऊ भागात रुततात, जीभ मागे ढकलली जाते आणि वाट बंद होते. शिवाय उजव्या हाताने बॅग दाबली की डावीकडे धरलेला मास्क उजव्या काठाला उचलला जातो. आपत्कालीन विभागात दोन माणसं असतात. तेव्हा एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा आणि दुसऱ्याने बॅग दाबायची, हाच नियम असावा. दोन हातांच्या पकडीत अंगठे आणि अंगठ्यांखालचा मांसल भाग मास्कच्या दोन्ही कडांवर लांबीला समांतर ठेवायचे, आणि उरलेल्या चार-चार बोटांनी जबडा कोनापासून वर, मास्कच्या आत ओढायचा. मास्क चेहऱ्यावर दाबायचा नसतो, चेहरा मास्ककडे आणायचा असतो. या पकडीत श्वासाचं माप जास्त भरतं हे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलेलं आहे, आणि हातही उशिरा थकतो.

कुणाला जड जाणार हे आधी ओळखता येतं. लँगरॉन आणि सहकाऱ्यांनी २००० साली भूल दिलेल्या १५०२ रुग्णांमध्ये मास्कने श्वास देणं अवघड करणाऱ्या पाच गोष्टी काढल्या: वय ५५ च्या वर, बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) २६ च्या वर, दाढी, दात नसणं आणि घोरणं. दात नसतील आणि कवळी घट्ट बसलेली असेल तर मास्कने श्वास देईपर्यंत ती तोंडातच ठेवा, ट्यूब टाकताना काढा. कवळी नसेल तर मास्कचा खालचा काठ हनुवटीवर न टेकवता खालच्या ओठावर आणून बघा. गळती पुष्कळदा तिथेच थांबते. दाढीवर पाण्यात विरघळणाऱ्या जेलचा थर द्या. लठ्ठ रुग्णाचं डोकं आणि खांदे उशा लावून उचला, कान छातीच्या मधल्या हाडाच्या पातळीत येईपर्यंत. आणि तोंडातून घालायची वायुनलिका वेळेवर घाला. तिचं माप ओठाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत. शुद्धीत असलेल्या, उबळ येणाऱ्या रुग्णाला ती नको, त्याला नाकातून घालायची मऊ नळी.

जोरात आणि घाईत दाबलेली हवा पोटात जाते. अन्ननलिकेचं खालचं तोंड एरवी सुमारे २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबापर्यंत मिटलेलं राहतं, हृदय थांबल्यावर ते याहून बरंच लवकर उघडतं. दाबमापकाचं तोंड हवं म्हणतो ते यासाठी. २०१८ च्या फ्रान्स-बेल्जियममधल्या चाचणीत, जिथे हृदय थांबलेल्या रुग्णांना डॉक्टरच श्वास देत होते, पोटातलं वर येण्याचं प्रमाण मास्क-बॅग गटात १५.२ टक्के आणि इंट्युबेशन गटात ७.५ टक्के होतं. म्हणजे सक्शनची (तोंडातलं ओढून काढणारी) नळी सुरू करून उशीखाली ठेवल्याशिवाय मास्क उचलूच नये. पण या भीतीने भूल दिल्यावर ट्यूब टाकेपर्यंत बॅगेला हातच न लावणं हेही बरोबर नाही. २०१९ च्या प्रिव्हेंट चाचणीत अतिदक्षता विभागातल्या ४०१ रुग्णांमध्ये त्या मधल्या वेळात मास्कने हळुवार श्वास दिल्यावर रक्तातला ऑक्सिजन ८० टक्क्यांखाली जाण्याचं प्रमाण १०.९ टक्के राहिलं, न दिल्यावर २२.८.

ऑक्सिजन मिनिटाला १५ लिटर, आणि रिझर्व्हॉयर आधी फुगू द्यायचा. तो दोन श्वासांच्या मध्ये चपटा पडत असेल तर प्रवाह कमी आहे, नळी सुटली आहे किंवा तुम्ही भराभर दाबताय. त्याच्या मानेत दोन पातळ पडदे असतात: एक रिकामा झाल्यावर खोलीतली हवा आत घेतो, दुसरा जास्तीचा ऑक्सिजन बाहेर सोडतो. धुताना यातला एक हरवला तरी बॅग नेहमीसारखीच चालताना दिसते, फक्त ऑक्सिजनचं प्रमाण घसरतं.

इथे एक चूक जवळजवळ सगळीकडे दिसते. रुग्ण स्वतः श्वास घेतोय म्हणून बॅग नुसती तोंडासमोर धरून ठेवतात, ‘ऑक्सिजन जातोय’ या समजुतीने. चोचीचा व्हॉल्व्ह मास्क घट्ट लावल्याशिवाय उघडत नाही. चेहऱ्यापासून बोटभर लांब धरलेल्या बॅगेतून रुग्णापर्यंत जवळपास काहीच पोहोचत नाही. मास्क घट्ट असला तरी, उच्छ्वासाच्या तोंडावर उलट हवा अडवणारी झडप नसेल तर रुग्ण तिथून खोलीतली हवा ओढतो. पीप व्हॉल्व्ह लावला की ही वाट बंद होते. तो घेण्याचं हे एक कारण. दुसरं कारण, पाण्याने भरलेली फुप्फुसं उघडी ठेवायला ५ ते १० सेंटिमीटर पाण्याचा दाब कामी येतो. नाकात ऑक्सिजनची नळी सुरू ठेवून वर पीप व्हॉल्व्हसह मास्क घट्ट धरला तर श्वासांच्या मध्येही दाब टिकतो. मास्क गळत असेल तर आकडा कितीही फिरवा, दाब शून्य.

कमकुवत जागा म्हणजे पेशंट व्हॉल्व्ह. सिलिकोनची बॅग १३४ अंशाच्या वाफेत टिकते, वर्षानुवर्षं चालते, एकदा वापरायच्या बॅगेपेक्षा लवचीकही राहते, त्यामुळे हाताला आवडते. रिझर्व्हॉयर मात्र बहुतेक संचांत वाफेत घालता येत नाही. तो वेगळा काढून रसायनात बुडवायचा, हे पत्रकात वाचून घ्या. पण प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह पूर्ण सुटा होतो आणि पुन्हा जोडावा लागतो. चोच उलटी बसली तर हवा रुग्णाकडे जातच नाही. ती घालायची राहिली तर रुग्ण सोडलेलाच श्वास बॅगेत परत ढकलतो. वाफेतून आल्यावर पट्टीच्या कडा कधीकधी एकमेकींना चिकटलेल्या असतात. रुग्णाची ओकारी किंवा घट्ट कफ अडकला की चोच उघडीच राहते आणि उच्छ्वास अडतो. छाती फुगते, पण खाली बसत नाही. तेव्हा झटकून दोन-तीनदा जोरात दाबून बघा. नाही सुटलं तर बॅग बदला. दुरुस्तीत वेळ घालवू नका.

जोडल्यावरची तपासणी मिनिटभराची आहे, ती प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला व्हावी. रुग्णाकडचं तोंड तळहाताने बंद करा आणि बॅग दाबा: ती दबू नये. दबली तर कुठेतरी गळती आहे किंवा जादा दाब सोडणारी झडप उघडी आहे. बॅग दाबून धरा, तोंड बंद करा, सोडा: ती लगेच भरायला हवी, नाहीतर मागचा व्हॉल्व्ह चिकटला आहे. मग ऑक्सिजन लावून रिझर्व्हॉयर भरतो का बघा. शेवटी रुग्णाकडच्या तोंडाला दुसरी रिकामी पिशवी किंवा चाचणीचं फुप्फुस लावून दाबा. ते फुगायला हवं आणि सोडल्यावर हवा उच्छ्वासाच्या तोंडातून निघायला हवी, बॅगेत परत येता कामा नये. उलटी बसलेली चोच फक्त याच पायरीत सापडते, आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते.

जादा दाब सोडणाऱ्या झडपेबद्दल थोडं. मुलांच्या बॅगेत ती साधारण ४० सेंटिमीटरला उघडते. प्रौढांच्या बॅगेत ती कधी ६० ला असते, कधी नसतेच. दम्याच्या तीव्र झटक्यात श्वासनलिका इतक्या आवळलेल्या असतात की झडप उघडून सगळी हवा बाहेरच सुटते. ती बोटाने कशी बंद करायची हे प्रत्येकाला माहीत हवं. अशा रुग्णाला मिनिटाला सहा ते दहाच श्वास आणि उच्छ्वासाला भरपूर वेळ. ट्यूब टाकलेल्या दम्याच्या रुग्णाचा रक्तदाब अचानक पडला तर आधी बॅग ट्यूबपासून सोडवा आणि अडकलेली हवा निघू द्या. रक्तदाब तरीही वर आला नाही तर फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठल्याची शंका घ्या.

ट्यूब असो वा मास्क, कॅपनोग्राफची (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राची) नळी बॅग आणि ट्यूब किंवा मास्कच्या मध्ये जोडा. पडद्यावर चौकोनी लाट आली तर हवा जाऊन परत आली. ऑक्सिमीटरचा आकडा हे मिनिटभर उशिरा सांगतो. फिल्टर लावलात तर तो रुग्ण आणि पेशंट व्हॉल्व्हच्या मध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह स्वच्छ राहतो. मात्र त्याची रिकामी जागा लहान मुलाच्या श्वासाच्या मानाने मोठी ठरते, तिथे मुलांच्या मापाचाच फिल्टर हवा.

शिकवण्यासाठी हाच संच वापरावा, प्रशिक्षणाची म्हणून जुनी गळकी बॅग वेगळी ठेवू नये. पुतळा श्वासाचं माप मोजणारा हवा. नुसती छाती उचलणारा पुतळा २५० आणि ९०० मिलिलिटर यांतला फरक नीट दाखवत नाही. प्रत्येक जोडीला दोन-दोन मिनिटं: आधी पडदा झाकून, मग आकडे दाखवून, मग पुन्हा झाकून. मुद्दाम चोच उलटी बसवलेली, ऑक्सिजन न जोडलेली, झडप उघडी राहिलेली अशा बॅगा हातात द्या आणि दोष शोधायला सांगा. या कौशल्याला काही महिन्यांतच गंज चढतो, तेव्हा वर्षातून एकदा दिवसभर शिकवण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी दहा मिनिटं जास्त उपयोगी.

मुलांसाठी वेगळा संच लागतोच. पूर्ण दिवसांच्या तान्ह्या बाळापासून मोठ्या मुलापर्यंत ४५० ते ५०० मिलिलिटरची बॅग चालते. अकाली जन्मलेल्यांसाठीची २५० मिलिलिटरच्या आसपासची बॅग मोठ्या बाळाला पुरत नाही, ती मुलांच्या ट्रॉलीवर एकटी ठेवू नका. कोणतीही बॅग खोक्यात घडी करून किंवा दाबून ठेवू नका. घडीची जागा कायमची बसते, बॅग पूर्ण फुगत नाही आणि श्वास कमी भरतो. ती पिशवीत, मास्क जोडून, ऑक्सिजनची नळी गुंडाळून, पूर्ण फुगलेल्या आकारात टांगलेली असावी आणि पिशवीवर तपासणाऱ्याची सही व तारीख असावी.